तुमच्यातला नवरा कोण? बफेलोच्या बारमधल्या बुच आणि फेम



दोन बायका एकमेकींच्या जोडीदार आहेत हे कळलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मग तुमच्यातला नवरा कोण?" विचारणारा माणूस दरवेळी वाईट असतो असं नाही. त्याच्या डोक्यात संसार म्हणजे दोनच पाट मांडलेले असतात, एक नवऱ्याचा आणि एक बायकोचा. कोण कुठल्या पाटावर बसलंय, एवढंच त्याला कळून घ्यायचं असतं. मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी "आज भांडी घासायची पाळी कुणाची ते विचारा" असं सांगून मोकळी होते.

पण हा प्रश्न फक्त बाहेरच्यांनी विचारला असं मात्र नाही. एक काळ असा आला, की समलिंगी बायकांच्या चळवळीनंच आपल्यातल्या काही बायकांना तो विचारला, आणि चांगला टोचून विचारला. त्या बायका म्हणजे बुच आणि फेम. आजचा भाग त्यांच्यावर.

आधी शब्द बघू. बुच म्हटलं की मराठी माणसाला बाटलीचं बूच आठवतं, आणि फेम म्हटलं की प्रसिद्धी. इथे दोन्ही नाही. अमेरिकेतल्या बोलीत बुच म्हणजे पुरुषी ढंगाची समलिंगी बाई. आखूड केस, शर्ट-पँट, चालण्याबोलण्यात रांगडेपणा. फेम हा 'बाई' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला. म्हणजे तीही समलिंगीच, पण झगा, लिपस्टिक, उंच टाचांचे बूट. आज डेटिंग ॲपच्या प्रोफाइलमध्ये आपण 'मॅस्क', 'फेम', 'अँड्रो' असं एका शब्दात टाकून देतो ना, त्या शब्दांच्या या दोघी आज्या.

पुरुषांमध्येही असे शब्द होते. जॉर्ज चॉन्सी नावाच्या इतिहासकारानं 'गे न्यूयॉर्क' या पुस्तकात १८९० ते १९४० या काळातल्या न्यूयॉर्कबद्दल लिहिलंय. तिथल्या कामगार वस्त्यांमध्ये वेगळा समजला जायचा तो बायकी ढंगाचा पुरुष, त्याला 'फेअरी' म्हणत. त्याच्याबरोबर रात्र घालवणारा रांगडा खलाशी मात्र लोकांच्या लेखी 'नॉर्मल'च राहायचा. तुम्ही कुणाबरोबर झोपता यापेक्षा तुम्ही कसे वावरता यावर शिक्का बसायचा. आपल्याकडचे कोथी आणि पंथी हे शब्द ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. पण ती गोष्ट मोठी आहे, तिला वेगळा भाग करू. आज बायकांकडे.

चला बफेलोला. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर, पण न्यूयॉर्क शहरापासून खूप लांब, ईरी सरोवराच्या काठावर, नायगारा धबधब्याच्या शेजारी. पोलाद, मोटारी, विमानं यांच्या कारखान्यांचं गाव. आपलं पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोर आणा, फक्त गुडघाभर बर्फ पडणारं. या गावातल्या समलिंगी बायकांचा इतिहास एलिझाबेथ केनेडी आणि मॅडलिन डेव्हिस या दोघींनी लिहिला. मॅडलिन डेव्हिस मूळची बफेलोचीच, गाणारी, चळवळीतली. दोघींनी ४५ जणींना बोलतं केलं, वर्षानुवर्षं टेप गोळा केल्या, आणि १९९३ साली 'बूट्स ऑफ लेदर, स्लिपर्स ऑफ गोल्ड' हे पुस्तक आलं. ज्यांच्याबद्दल तोवर फक्त पोलिसांनी आणि डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, त्या बायका त्यात स्वतः बोलतात.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि बायका कारखान्यांत आल्या. हातात स्वतःचा पगार आला, रात्री एकटीनं बाहेर पडणं चालू लागलं, आणि पँट घालून रस्त्यानं जाणारी बाई एकदम डोळ्यांत खुपेनाशी झाली, कारण अर्ध्या बायका पाळीवरून तशाच परतत होत्या. बुच बायकांना हा काळ त्यातल्या त्यात बरा गेला. युद्ध संपलं आणि सगळ्यांना परत घरी, स्वयंपाकघरात पाठवण्याची मोहीम सुरू झाली. बहुतेक जणी गेल्या. काही जणी गेल्या नाहीत.

१९५०च्या दशकातली जी 'टफ बुच' होती, ती शनिवार-रविवार बारपुरती पुरुषी कपडे घालत नव्हती. जमेल तितके दिवस, जमेल तितका वेळ ती तशीच राहायची. आता जरा विचार करा. मोबाइल नाही, ॲप नाही, समलिंगी हा शब्द पेपरात आला तर गुन्ह्याच्या बातमीत. अशा गावात वीस वर्षांच्या मुलीला आपल्यासारखी दुसरी कुणी आहे हे कळणार कसं? कळायचं ते अशाच एखादीला रस्त्यात बघून. एकटी फेम चालली असेल तर लोकांना ती कुणाचीतरी बायको किंवा मुलगी वाटायची. पण बुच आणि फेम हातात हात घालून निघाल्या, की काही सांगायची गरजच नव्हती. ती जोडी हाच फलक होता.

आणि फलक म्हटला की दगड आलेच. शिव्या, धक्काबुक्की, बारच्या बाहेर टपून बसलेली पोरं. बुच बायका मारामाऱ्या करायच्या, त्याबद्दल नंतरच्या काळात त्यांना नावंही ठेवली गेली. पण बार ही गावातली त्यांची एकमेव जागा होती, आणि दारात उभं राहून ती राखणारं दुसरं कुणी नव्हतं. बफेलोतल्या काही जणींनी तर मनगटावर निळा तारा गोंदवून घेतला होता. दिवसा कामावर तो घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकायचा, रात्री पट्टा काढायचा. मला या सगळ्या पुस्तकात हाच तपशील सगळ्यात जास्त आवडतो.

आता "नवरा कोण" या प्रश्नाकडे या. बुच म्हणजे नवरा, असं वरवर वाटतं. पण पगाराचं बघा. पुरुषी दिसणाऱ्या बाईला दुकानात, ऑफिसात, बँकेत कोण ठेवून घेणार? मिळालं तर कारखान्यात काम, टॅक्सी चालवणं, तेही आज आहे आणि उद्या नाही. फेमला मात्र साध्या बाईसारखी नोकरी मिळायची आणि टिकायची. त्यामुळे कित्येक घरांत भाडं फेमच्या पगारातून जायचं. अमेरिकेतल्या त्या काळातल्या कुठल्या नवऱ्याचं घर असं चालत होतं?

शरीरसुखाचंही तेच. 'स्टोन बुच' असा एक शब्द होता. जोडीदारणीला सुख द्यायचं, पण स्वतःला हात लावू द्यायचा नाही, अशी ती बाई. यात तिचं दुःख किती आणि अभिमान किती, यावर त्या बायकांमध्येच एकमत नव्हतं, आणि केनेडी-डेव्हिसनीही ते ओढूनताणून लावलेलं नाही. पण एक गोष्ट सरळ दिसते. या जोडीत जिच्या सुखाचा विचार आधी व्हायचा ती फेम होती. हे नवऱ्या-बायकोचं छापील प्रत नाही. अक्षरं तिथून उचललेली, वाक्य मात्र स्वतःचं.

सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. नियम कडक होते. नवी मुलगी बारमध्ये आली की तिनं ठरवायचं, बुच की फेम. दोन्ही किंवा दोन्ही नाही अशी असेल तर तिला 'किकी' म्हणत, आणि तिच्याकडे संशयानं बघत. ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय कवयित्रीनं १९५०च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या बारांबद्दल 'झामी' या पुस्तकात लिहिलंय. तिला या दोन खणांत बसायचं नव्हतं, आणि गोऱ्या बायकांच्या त्या गर्दीत काळी म्हणून तर ती आणखीच एकटी पडायची. बफेलोतही कृष्णवर्णीय बायकांची मैफल बऱ्याचदा कुणाच्या तरी घरी भरायची. त्यांचे शब्दही वेगळे होते. बुचला तिथे 'स्टड' म्हणत.

कपड्यांचा विषय निघालाय तर पोलिसांचंही सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत १८६३पासून नियमच होता, की विरुद्ध लिंगाचे कपडे घालून सार्वजनिक ठिकाणी यायचं नाही. असे नियम अमेरिकेतल्या अनेक शहरांत होते. जुन्या बुच बायकांच्या आठवणींत 'तीन कपड्यांचा नियम' वारंवार येतो. अंगावर निदान तीन कपडे बायकी हवेत, नाहीतर अटक. गंमत अशी, की नेमकं 'तीन' सांगणारं कलम इतिहासकारांना सापडत नाही. पण पोलीस तसं सांगायचे आणि बायका मोजून घालायच्या. धाक बसवायला पुस्तकातलं कलम लागतंच असं नाही, हे आपल्याकडे बागेत बसलेल्या कुठल्याही जोडप्याला विचारा.

या धाकाची किंमत बघायची असेल तर ग्लॅडिस बेंटली बघा. १९०७ साली फिलाडेल्फियात जन्मलेली ही कृष्णवर्णीय गायिका. १९२० आणि ३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ती पांढरा सूट आणि उंच टोपी घालून पियानोवर बसायची, समोरच्या बायकांशी खुलेआम चावटपणा करायची, आणि लोक रांगा लावून ऐकायला यायचे. पुढे ती कॅलिफोर्नियात गेली. तिथे पँट घालून कार्यक्रम करायला पोलिसांची खास परवानगी काढावी लागली. मग १९५०चं दशक आलं. सरकारी नोकऱ्यांतून समलिंगी माणसांना हुडकून काढलं जाऊ लागलं. १९५२ साली 'एबनी' मासिकात बेंटलीचा लेख आला, मी पुन्हा बाई झाले आहे, अशा मथळ्याचा. औषधोपचारानं बरी झाले, पुरुषाशी लग्न केलं, असं त्यात लिहिलेलं, आणि सोबत घरकाम करतानाचे फोटो. पांढऱ्या सुटातला तिचा हार्लेमचा फोटो शोधा आणि मग हे फोटो बघा. १९६० साली ती गेली, तेव्हा वय होतं ५२.

म्हणजे बाहेरून हा दाब होता. आता आतली गोष्ट.

१९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही समलिंगी बायकांची संघटना सुरू झाली. अमेरिकेतली पहिली म्हणावी अशी. मुळात कल्पना अशी होती, की पोलिसांच्या धाडीची भीती न बाळगता नाचता येईल, गप्पा मारता येतील अशी जागा हवी. पण संघटना वाढली तसं तिनं आपल्या उद्देशांतच लिहून टाकलं, की सदस्यांनी समाजाला मान्य होईल असं वागावं आणि असे कपडे घालावेत. १९६० साली त्यांचं पहिलं मोठं अधिवेशन झालं, तेव्हा पोलीस आले आणि विचारू लागले, तुमच्या बायका पुरुषांचे कपडे घालतात का? डेल मार्टिन या संस्थापक बाईंनी त्यांना आत नेऊन दाखवलं. सगळ्या जणी झग्यात, स्टॉकिंग्जमध्ये, उंच टाचांमध्ये. पोलीस निघून गेले.

त्या दिवशी त्या बायकांनी केलं ते शहाणपणाचंच होतं. मी तिथे असते तर मीही मुकाट्यानं साडी नेसले असते. पण कारखान्यातून थेट आलेली, झगा अंगावर चढवणं जिला शक्यच नव्हतं, ती बुच त्या सभागृहात कुठे बसणार होती? ती बाहेरच राहिली. "आम्ही तुमच्यासारख्याच आहोत" हे सांगायचं, तर जी तुमच्यासारखी दिसत नाही तिला मागे लपवावं लागतं.

१९७०नंतर तर उलटीच तऱ्हा. स्त्रीवादी चळवळीतल्या तरुण समलिंगी बायका कॉलेजात शिकलेल्या, ताठ मानेनं बाहेर आलेल्या. त्यांना कुणाला मान्य व्हायचं नव्हतं. पण त्यांनीही बुच-फेमकडे बघून नाक मुरडलं. म्हणे, ही पुरुषसत्तेची नक्कल आहे, बुचला पुरुष व्हायचंय आणि फेम पुरुषांच्या नजरेसाठी नटते. तुमच्यातला नवरा कोण, हाच प्रश्न, फक्त मोठ्या शब्दांत. मग सगळ्यांनी जीन्स, चौकड्यांचा शर्ट, सपाट बूट असा एकसारखा वेश घ्यायचा. यात बुचची एकवेळ निभावणूक होई. फेमची मात्र पंचाईत. लिपस्टिक लावून सभेला गेलं तर बायका हळूच विचारायच्या, ही इथे कशी?

माझं मत विचाराल तर या सगळ्यात वेशापेक्षा वर्गाची अडचण जास्त होती. पहिल्यांना कारखान्यातली बुच असभ्य वाटली, दुसऱ्यांना मागासलेली. कारण निराळं, पण दार दोन्हीकडून बंद.

ते दार ढकललं जोन नेसल या फेमनं. १९४० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्म, वडील आधीच गेलेले, आई कपड्यांच्या धंद्यात हिशेबनीस. विशीत ती ग्रीनिच व्हिलेजमधल्या 'सी कॉलनी' या बारमध्ये जायची. तिथली तिची आठवण फार बोलकी आहे. दोघी एकदम स्वच्छतागृहात गेल्या तर काही 'भलतं' करतील आणि पोलीस धाड घालतील, म्हणून एकेकीलाच आत सोडायचे. रांग लागायची, आणि दाराशी एक बुच बाई उभी असायची. तिचं काम काय, तर प्रत्येकीला आपल्या हाताभोवती गुंडाळून ठरावीक कागद मोजून द्यायचा. रोज रात्री, मोजून. आणि तरी त्या रांगेत बायका हसायच्या, नटायच्या, एकमेकींना खुणवायच्या.

१९८१ साली नेसलनं १९५०च्या दशकातल्या बुच-फेम नात्यांवर लेख लिहिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की ती नाती नक्कल नव्हती, तो धाडसानं बोललेला स्वतःचा मजकूर होता, आणि तुम्ही सभा घ्यायच्या कितीतरी आधी आम्ही रस्त्यावर चालत होतो. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात लैंगिकतेवर परिषद झाली, तेव्हा काही स्त्रीवाद्यांनी दाराशी पत्रकं वाटून अशा बायकांना विरोध केला. नेसल लिहीत राहिली. १९९२ साली तिनं बुच-फेम बायकांच्या लिखाणाचा जाडजूड संग्रह काढला.

तिचं आणखी एक काम, माझ्या मते सगळ्यात मोठं. १९७४ साली तिच्याच फ्लॅटमध्ये 'लेस्बियन हरस्टोरी अर्काइव्ह्ज' सुरू झालं. पत्रं, फोटो, टी-शर्ट, डायऱ्या, सगळं तिच्या घरात. बघायला यायला पदवी, शिफारसपत्र काही लागत नाही. तिथे मेबल हॅम्प्टन यायच्या. १९०२ साली जन्मलेल्या, हार्लेमच्या दिवसांत नाचणाऱ्या, नंतर आयुष्यभर लोकांच्या घरी साफसफाई करणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. एकेकाळी नेसलच्याच घरी त्या कामाला होत्या. लिलियन फॉस्टर आणि त्या १९३२पासून लिलियन जाईपर्यंत, म्हणजे १९७८पर्यंत एकत्र राहिल्या. शेहेचाळीस वर्षं. त्यांनी आपल्या आठवणी नेसलच्या टेपवर सांगितल्या, आपली पुस्तकं आणि कागदपत्रं तिथे दिली. आज तो सगळा संग्रह ब्रुकलिनमधल्या एका घरात आहे.

आपल्याकडे काय होतं? त्याच १९८१ साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं. सुमित्रा देव, सगळे तिला मित्रा म्हणतात, मुलीवर प्रेम करणारी, चालण्याबोलण्यात बेधडक. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली. त्या काळात मराठीत हे नाटक लिहिलं गेलं याचं आजही नवल वाटतं. पण मित्राला रंगमंचावर तिच्यासारखी दुसरी कुणी भेटत नाही. ना बार, ना रांग, ना निळा तारा. शेवटी ती जीव देते. मुंबईत 'स्त्री संगम' हा गट १९९५ साली सुरू झाला, तोच पुढे 'लेबिया'. त्यांनी देशातल्या ५० जणांशी बोलून अभ्यास केला आणि २०१५ साली त्याचं पुस्तक आलं. जन्माच्या वेळी ज्यांना मुलगी म्हटलं गेलं अशा या सगळ्या व्यक्ती. त्यातून दिसतं ते हे, की बाई आणि पुरुष या दोन शब्दांत न मावणारी माणसं स्वतःसाठी शब्द आपले आपणच घडवतात, कधी इंग्रजीतून उचलून, कधी घरच्या भाषेतून.

घरच्या भाषेवरून एक शेवटची गोष्ट. लेस्ली फाइनबर्ग यांची 'स्टोन बुच ब्लूज' ही कादंबरी १९९३ साली आली. तेच वर्ष, तेच बफेलो. नायिका म्हणावं की नायक, जेस गोल्डबर्ग, कारखान्यांत राबते, पोलिसांचा मार खाते, जगता यावं म्हणून पुरुषी हार्मोन घेते, नंतर थांबवते, आणि दोन्ही खणांच्या मधोमध जगायला शिकते. फाइनबर्ग २०१४ साली गेले, की गेल्या? इंग्रजीत त्यांनी स्वतःसाठी वेगवेगळी सर्वनामं वापरली. मराठीत क्रियापद आलं की लगेच निवड करावी लागते. इंग्रजीत जेस आपल्याबद्दल पानंच्या पानं बोलू शकते, एका शब्दातूनही बाई की पुरुष हे कळू न देता. आपल्याकडे 'मी आलो' किंवा 'मी आले', दुसऱ्याच शब्दाला माणूस पकडला जातो. आता मी कोल्हापूरची. आमच्याकडे मुली सर्रास 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात आणि कुणी वळूनही बघत नाही. पुण्यात शिकायला गेल्यावर माझी ती सवय वर्गानं हसून हसून मोडली.

फाइनबर्ग यांनी मरणाआधी प्रकाशकाकडून हक्क परत मिळवून ही कादंबरी सगळ्यांसाठी फुकट करून ठेवली आहे. नाव टाकून शोधा, पीडीएफ मिळेल. मारहाण आणि बलात्काराची वर्णनं आहेत, तेव्हा तयारीनं वाचा. सुरुवात एका पत्रानं होते. जेसनं आपल्या जुन्या प्रेयसीला, तेरेसाला, लिहिलेलं. त्याचं पहिलं पान मराठीत करून बघा. क्रियापदाशी थांबलात, तर 'आलो' निवडलंत की 'आले', की तिसरंच काही काढलंत, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात निवडक ऐकवते.